मेंढपाळाच्या पायाखालचं गवत

फिलूबायची बोटं कायम कोळशाने काळी असायची. घरातली चूल जाऊन गॅस येऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी उजव्या हाताची दोन बोटं नखांच्या आतपर्यंत काळी. अंधेरी पूर्वेच्या आमच्या गावठाणात नव्याने आलेल्या भाडेकरूंना वाटायचं, बाई इस्त्रीचं दुकान चालवते. जुन्यांना ठाऊक होतं, की हा कोळसा देवळाच्या काचांचा आहे. इथली ख्रिस्ती माणसं आपल्या लहानशा चर्चला देऊळच म्हणतात. मीही तेच म्हणतो. मी मालवणकडचा, गिरणी कामगाराचा मुलगा, पण उभा जन्म फिलूबायच्या शेजारच्या खोलीत काढला.

देवळाला रंगीत काचांच्या पाच खिडक्या होत्या. लहानमोठे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडून चित्रं केलेली. फिलूबाय त्या चित्रांच्या गोधड्या शिवायची. शिडीवर चढून काचेवर पतंगाचा पातळ कागद धरायचा आणि वरून कोळसा हलक्या हाताने फिरवायचा. शिसं काचेच्या वर आलेलं असतं, त्यामुळे कागदावर काळ्या रेघा उमटतात. घरी येऊन त्या रेघांबरहुकूम जुन्या साड्या, परकर, शर्ट कापायचे. शिशाच्या जागी काळी पट्टी लावायची, ती मोडक्या छत्र्यांच्या कापडाची. “छत्रीचं कापड उन्हाला भीत नाही, पाण्याला भीत नाही,” ती म्हणायची. “असला नवरा मिळायला हवा होता मला.” आतून तिचा नवरा ओरडायचा, “ऐकतोय मी!” “ऐकायलाच बोलले!” हे तिचं उत्तर ठरलेलं.

साकीनाक्याला माझा अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक गाळा आणि तीन माणसं. त्यावरून ती मला सोडत नसे.

“आला बघा काचवाला. पांढरी काच, चंदेरी चौकट. लोकांच्या घरांचे दवाखाने करून ठेवलेस रे.”

“तुझ्या गोधडीला ग्रील लावून देऊ का, बाय?”

“लाव की. तुझ्या हातचं ग्रील म्हणजे चोराची सोय.”

गोधडीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी ती आत तांदळाच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा ठेवायची. तिच्या सासूने शिकवलेलं. “उपाशी गोधडी ऊब देत नाही,” म्हणायची, आणि घास आत सरकवून कोपरा बंद करायची. चार खिडक्यांच्या चार गोधड्या झाल्या. त्या गावठाणातल्या चार मुलींबरोबर सासरी गेल्या. पाचवी, खांद्यावर कोकरू घेतलेल्या मेंढपाळाची, ती देवळालाच देणार होती. सणाच्या दिवशी ती वेदीच्या बाजूच्या भिंतीवर लागावी, एवढीच तिची इच्छा. त्या खिडकीचा अर्धा कागद घासून झाला होता.

आता जे सांगायचं त्यासाठी इतकं लिहिलं.

देवळाच्या डागडुजीत पाचही खिडक्यांना बाहेरून संरक्षक काच बसवायचं काम मला मिळालं. कमिटीने बजावलं होतं, की मूळ खिडकी जागेवरून हलवायची नाही. पण जागेवर माप नीट मिळेना आणि मला घाई होती. दुपारी देवळात कोणी नसताना मी मेंढपाळाच्या खिडकीची लाकडी पट्टी काढली, खिडकी उतरवली, त्या जागी कामाची ताडपत्री टांगली आणि खिडकी टेम्पोत घालून साकीनाक्याला नेली. शिशातली काच उभी ठेवतात, आडवी कधीच नाही. मी ती अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यासारखी दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकली. दुसऱ्या दिवशी उचलायला गेलो, तर मधोमध पोट सुटून लोंबत होती. दोन्ही टोकांना धरून उचलली आणि ती माझ्या पायांवर कोसळली.

सगळे तुकडे गोणीत भरले. पुन्हा दुपार गाठून ताडपत्री काढली, ते खिडकीखाली ओतले आणि मग मीच ओरडत फादरांकडे गेलो, की खिडकी पडली.

संध्याकाळी कमिटी जमली, गावठाणातली माणसंही आली, फिलूबायही. अशी कशी पडली, असं मला विचारलं. मी म्हणालो, “मी हातसुद्धा लावला नव्हता. शिसं आधीच सैल झालं असणार. त्यावर कोणी दाबत राहिलं तर ते किती टिकेल?”

मी नाव घेतलं नाही. घ्यावंच लागलं नाही. सगळ्यांनी फिलूबायच्या बोटांकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. मग बोटं पदराखाली घेतली.

तिला कोणी शिक्षा केली नाही. फक्त वेदीची फुलं लावायचं काम दुसरीकडे गेलं. सणाची वर्गणी मागायला येणारे तिचं दार टाळू लागले. गोधडी मागायलाही कोणी येईना. पोरं तिला ‘काचफोडी’ म्हणायची, आणि त्यांच्या आया गप्प बस म्हणायच्या नाहीत. ती मागच्या, दाराजवळच्या बाकावर बसू लागली. कोळसा तिने पुन्हा हातात धरला नाही. बोटं हळूहळू इतरांसारखी झाली. मला ती बघवत नसत.

मी तिला छत्र्या नेऊन देत असे. गिऱ्हाइकांच्या मोडक्या छत्र्या मागून आणायचो. ती घ्यायची. एकदाच म्हणाली, “एवढ्या छत्र्या आणतोस, पाऊस तुझ्याच घरात पडतो का रे?” मी हसलो. हसता आलं मला, हेही इथे लिहून ठेवतो.

नवरा गेल्यावर तिने मेंढपाळाची गोधडी बाहेर काढली. वरचा अर्धा भाग आठवणीवरून कापला. खिडकीखालच्या ढिगातले काही तुकडे तिने त्या दिवशीच उचलून बिस्किटांच्या डब्यात ठेवले होते, हे मला तेव्हा कळलं. डोळे अधू झाले होते. एके सकाळी दारात बसून तिने एक हिरवा लांबट तुकडा उजेडात धरला.

“काचवाल्या, हा कुठला रे? जन्मभर ती खिडकी पाहिली, हा हिरवा कुठे दिसला नाही.”

मी चहाचा कप तोंडाला लावत म्हणालो, “तो अगदी खाली, लाकडी पट्टीच्या आत. गवत आहे ते. त्याच्या पायाखालचं.”

म्हणालो आणि कप तसाच राहिला. खिडकी उतरवल्याशिवाय ते गवत कोणालाच दिसलं नसतं. आणि मी हात लावला नव्हता.

फिलूबायने माझ्याकडे पाहिलं नाही. तुकडा डब्यात ठेवला, झाकण लावलं. झाकणावर हात ठेवून म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं बिचारा हवेतच उभा होता.” मग उठून आत गेली आणि हिरव्या साडीचा काठ शोधू लागली.

त्यानंतर दोन वर्षं ती जगली. एकदाही तो विषय काढला नाही. मी रोज ठरवायचो, आज बोलायचं. रोज वाटायचं, ती काढेल विषय, मग मी बोलेन. शेवटच्या आजारात तिने मला बोलावून गोधडी माझ्या मांडीवर ठेवली. तीन कोपरे शिवलेले, चौथा उघडा.

“भाकर घालून शीव,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. “पण देवळात सांगून आल्यावर. माझ्या गोधडीच्या पोटात खोटं नको रे.”

“सांगतो, बाय.”

“मी असताना सांगितलंस तर बरं.”

त्या रविवारी मी देवळाच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. पुढच्या रविवारी ती नव्हती. तिच्या अंत्यविधीच्या मिसेला मी मागच्या, दाराजवळच्या बाकावर बसलो. फादर म्हणाले, “कोणाला बहिणीबद्दल दोन शब्द बोलायचे असतील तर या.” कोणी उठलं नाही. मीही उठलो नाही.

याला चार वर्षं झाली. गावठाणाची अर्धी घरं पाडून मनोरे उभे राहिले आहेत. त्या संध्याकाळी तिच्या बोटांकडे पाहणाऱ्यांपैकी आता दोघंच उरली आहेत, त्यातल्या एकाला ऐकू येत नाही. काल इथवरचा हा कागद मी नव्या फादरांना दिला. तरुण आहेत, उभ्याउभ्याच सगळा वाचला. मग म्हणाले, “येत्या रविवारी वाचू. पण काका, तुम्ही स्वतः वाचायचं.”

फिलूबायने खिडकी फोडली नाही. ती मी फोडली. तिने काचेवर हात ठेवला तो फक्त कोळसा फिरवण्यापुरता, आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

गोधडी समोर आहे. गवतावर मेंढपाळ नीट उभा आहे. चौथा कोपरा उघडाच आहे. माझी सून विचारते, रोज तांदळाची एवढीशी भाकर कशाला थापायला लावता? रोज ताजी ठेवतो आणि संध्याकाळी कावळ्यांना टाकतो. रविवारपर्यंत असंच.