विटकरी झालेला लाल

गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या त्या कारखान्यात रंग जुळवायचं काम एका बाईकडे होतं. तिला सगळे काटाबाई म्हणत, कारण तिच्या हातून एक थेंबही इकडचा तिकडे होत नसे. जुन्या गाडीचा उन्हानं उडालेला रंग कुठल्याच शेडकार्डात सापडत नाही. पिवळा, काळा, पांढरा थेंबाथेंबानं घालत तो शोधावा लागतो. एकोणीस वर्षं ती तो शोधत आली होती आणि तिची एकही शेड परत आलेली नव्हती. ज्यांना हिरव्यातला निळा दिसत नाही, अशा माणसांबद्दल तिला फारशी माया नव्हती.

मग एक लाल दार परत आलं.

गिऱ्हाइकानं गाडी उन्हात उभी केली. नवं दार सरळसरळ भडक दिसत होतं. शेवटची शेड तपासताना उजवा डोळा मिटून बघायची तिची जुनी सवय. तिनं तसंच बघितलं, तर गाडीही विटकरी आणि दारही विटकरी, दोन्ही सारखंच. डोळा बदलला, तर दार पुन्हा भडक. खोट डाव्या डोळ्यात होती. आठवडाभर डावं बुबुळ फिरवलं की मागे ठणकत होतं, त्याचं खापर तिनं थिनरच्या वासावर फोडलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मग डोक्याचा स्कॅन झाला, पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, आणि बाईंनी सांगितलं, "मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच मेंदूतल्या आणि कण्यातल्या नसांवरचं आवरण कुरतडते. वायरचं प्लास्टिक सोलल्यावर जसं..."

"वायरचं मला चौथ्यांदा सांगताय," काटाबाई म्हणाली. "बरं होणार का, ते सांगा."

"समूळ नाही. पण औषधं आहेत. झटके कमी येतील, लांबतील. काम करता येईल."

पाच दिवस स्टेरॉईडचं सलाईन चाललं. गंजकं लोखंड चाटत असल्यासारखी तोंडाची चव झाली, चेहरा सुजून भोपळा झाला. आरशात बघून तिला शिसारी आली. डोळा सुधारला, पण त्या डोळ्यातला लाल काही पूर्ण परतला नाही. पुढे आठवड्यातून तीनदा स्वतःच्या हातानं मांडीत इंजेक्शन घ्यायचं होतं. त्या दिवशी अंगात कणकण भरायची, हाडं दुखायची. मांडीवरचे लालनिळे डाग बघून ती नवऱ्याला म्हणायची, "बघा, आता माझेच पोचे काढायची वेळ आलीय."

नवरा शाळेची बस चालवायचा, सरळ माणूस. तो गोरामोरा व्हायचा आणि विषय बदलायचा.

सगळ्यात वीट आणला तो माणसांनी. "पण तू दिसतेस तर छान," असं जो तो म्हणायचा. दुपारी पाय शिशाचे व्हायचे, तासभर आडवं झाल्याशिवाय भागायचं नाही, आणि ते कुणाला दिसायचं नाही. उकाडा वाढला की डोळ्यांपुढे धुकं यायचं, पाय लटपटायचे. एकदा ती रंग सुकवायच्या भट्टीच्या खोलीतून भिंत धरत बाहेर आली, तर पत्र्याचे पोचे काढणारा डेंटर हातोडी थांबवून म्हणाला, "काय काटाबाई, सकाळी सकाळीच लावून आलात वाटतं."

सगळे हसले. तीही हसली, आणि त्या हसण्याचीच तिला पुढे कित्येक दिवस किळस वाटत राहिली.

थोरली नणंद दर रविवारी काहीतरी घेऊन यायची. आधी हिरवा कडू रस, मग कसलीशी पूड. शेवटी ती एका माणसाचा पत्ता घेऊन आली. तो मधमाश्या चावायला लावून हा आजार घालवतो, अशी त्याची ख्याती होती.

"अगं, ती इंजेक्शनं म्हणजे नुसतं विष," नणंद म्हणाली. "एकदा येऊन तर बघ. माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

काटाबाईचा विश्वास नव्हता. पण ती कणकणीला इतकी कंटाळली होती, की इंजेक्शन बंद करायला तिला निमित्तच हवं होतं. ती गेली.

खोलीत पडदे ओढलेले होते आणि गोडसर, कुबट वास भरलेला होता. त्या माणसानं चिमट्यानं एकेक माशी धरून तिच्या कण्यालगत टेकवली. नांगी तुटून मेलेल्या माश्या तो चहाच्या बशीत टाकत होता. तिथे कालच्याही होत्या. "औषध घेत राहिलात तर गुण येणार नाही," तो म्हणाला. तिला त्या बशीचा, त्याच्या पिवळ्या नखांचा आणि निमूट पाठ उघडी करून बसलेल्या स्वतःचा तिटकारा आला. तरी तिनं इंजेक्शनं सोडली आणि ती चार महिने जात राहिली.

पाचव्या महिन्यात कमरेभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटायला लागलं. उजवं पाऊल उचलेना, फरफटायला लागलं. आणि एका सकाळी रंगाच्या टेबलापासून संडासापर्यंतच्या वीस पावलांत तिचे कपडे ओले झाले. ती तिथेच उभी राहिली. डेंटरनं बघितलं. आपला कामाचा कोट काढून त्यानं तिच्या हातात दिला आणि पाठ फिरवली. त्यानं थट्टा केली असती तर तिला सोपं गेलं असतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "औषध सोडल्यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण ते चालू असतं तर झटका येण्याचा धोका कमी होता. माश्यांनी काही होत नाही. आणि लघवीचा त्रास आधीच का नाही सांगितलात?"

"लाज वाटली."

"त्यालाही गोळी आहे."

आता दर सहा महिन्यांनी घ्यायचं नव्या औषधाचं सलाईन सुरू झालं. उजव्या पावलाला आधाराची पट्टी आली, हातात काठी आली. काठी तिला बघवत नाही, ती दारामागे ठेवते आणि रोज घेते. काम सकाळी थंडाव्यात, पंख्याखाली, खुर्चीत बसून, आणि शेड तपासताना आता डावा डोळा मिटून. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे थकायच्या आधीच थांबायला ती शिकली, दात-ओठ खात का होईना.

परवाच्या सलाईनला नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून नणंद बरोबर आली. शेजारच्या खाटेवर विशीतली एक मुलगी होती, तिची आई रडवेली होऊन बसली होती. नणंदेनं खुर्ची तिकडे सरकवली.

"औषध अजिबात सोडू देऊ नका हं," ती त्या आईला सांगत होती. "ते माशीवाले वगैरे सगळे लबाड. मी हिला पहिल्यापासून बजावत होते, त्यांच्या नादी लागू नकोस. पण ऐकेल तर शपथ."

काटाबाईनं तिच्याकडे बघितलं. मग त्या मुलीकडे बघितलं. ती कान देऊन ऐकत होती. काटाबाईनं तोंडात आलेलं तोंडातच ठेवलं.

नर्सनं शीर शोधायला काटाबाईचा हात पालथा केला. "मूठ वळा," ती म्हणाली.

तिनं वळली, जरुरीपेक्षा जास्तच घट्ट.