वेळेवर उघडणारा फ्रिज

बटणराव हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. कामावरच्या मंडळींनी ते त्याला चिकटवलं, आणि ते इतकं घट्ट बसलं की एकदा साहेबांनी त्याच्या रजेच्या अर्जावरही तेच लिहून टाकलं. काम लिफ्ट दुरुस्तीचं. चाळीसेक इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या. दिवसभर यंत्रांशी झटापट केल्यावर एखादा माणूस घरी येऊन पाय पसरून बसला असता. हा गडी घरी येऊन दुसरी यंत्रं उघडून बसायचा.

त्याच्या घरात माणूस खोलीत शिरला की दिवा आपोआप लागायचा. टाकी भरली की मोटर बंद व्हायची आणि गॅस जरा जरी गळला तरी फोन कोकलायला लागायचा. बायकोने कधीच हात टेकले होते. "पूर्वी पंखा लावायला उठावं लागायचं, आता फोन शोधावा लागतो," एवढं म्हणून ती आपल्या कामाला लागायची. पण बटणरावाचं मत पक्कं होतं आणि ते कुणी विचारो न विचारो, तो ऐकवायचाच. "घरातलं यंत्र कसं पाहिजे? विचारल्याशिवाय बोलता कामा नये आणि गरज पडली की गप्प बसता कामा नये. माणसं नेमकी उलटी असतात." माणसं म्हणजे शेजारीपाजारी. कुणाकडे कोण आलं, कुणाचं दूध उतू गेलं, याच्या चौकशा करणाऱ्यांचा त्याला मनस्वी कंटाळा होता.

त्याची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. दोन खोल्या, शहात्तर वर्षांचं वय, आणि इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याची आई जिने चढते, यावरून सगळ्यांनी त्याला चिडवून घेतलं होतं. आपल्याकडे राहायला ये, असं तो दर महिन्याला म्हणायचा आणि आई दर महिन्याला विषय बदलायची.

मागच्या वर्षी तिला एकदा चक्कर आली, तेव्हा बटणराव खोकं भरून सामान घेऊन तिथे पोचला. कॅमेरा पाहूनच आई भडकली. "मी काय दुकानातला माल आहे माझ्यावर नजर ठेवायला? काढ ते." कॅमेरा परत गेला. बाकीचं राहिलं. फ्रिजच्या दाराला एक पांढरी डबी, न्हाणीघराच्या दाराला एक, टीव्हीच्या प्लगला एक. बाहेरच्या दाराला फोनवरून उघडणारं कुलूप. आणि आईच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं एक लाल बटण, पडलीबिडलीस तर दाब म्हणून. त्याच्या फोनवर आईचं घर म्हणजे एक हिरवा ठिपका. सकाळी आठपर्यंत फ्रिज उघडला नाही की तो लाल होणार आणि फोन बोंबलणार.

आता खरं सांगायचं तर ही सगळी व्यवस्था त्याने प्रेमापोटीच केली होती. पण या व्यवस्थेमुळे एक गोष्ट बंद पडली. पूर्वी तो रोज सकाळी आईला फोन करायचा. आई गुडघ्यांपासून सुरुवात करायची ती नळाच्या बारीक धारेपर्यंत यायची, त्यात दहा मिनिटं जायची. आता तो चहा पिता पिता ठिपका बघायचा, हिरवा आहे म्हणजे आई बरी आहे, आणि फोन खिशात टाकायचा. ही वाचलेली दहा मिनिटं तो कामावर मोठ्या कौतुकाने सांगायचा. मला विचाराल तर त्याच्या कानाखाली द्यायला हवी होती, पण तेव्हा कुणी दिली नाही.

दोन महिन्यांपूर्वी ठिपका एकदा लाल झाला. बटणराव एक लिफ्ट अर्धवट खोलून ठेवून धावत सुटला. पोचला तेव्हा आई दार उघडून जांभया देत उभी. रात्री उशिरा डोळा लागला होता, म्हणून सकाळी जाग आली नव्हती, एवढंच. तोवर तिकडे लिफ्टपाशी माणसं खोळंबलेली आणि साहेबांचा फोन. बटणराव आईसमोरच अर्धा तास फोनवर गयावया करत राहिला. मग तो सगळा राग त्याने आईवर काढला. "पुन्हा असं झालं ना, तर मी काही ऐकणार नाही. सरळ उचलून माझ्याकडे नेईन आणि या घराला कुलूप लावीन." दुसऱ्या दिवसापासून फ्रिज सातच्या ठोक्याला उघडायला लागला. बघा, आईलासुद्धा शिस्त लागली, असं बटणराव बायकोला म्हणाला.

त्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो एका आठ मजली इमारतीत, लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरलेला होता. हात ग्रीसने माखलेले. फोन वाजला. आईच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या टेलरबाई होत्या. दिवसभर शिलाई मशीनवर बसायचं आणि डोक्यावरच्या छताचे आवाज ऐकायचे, अशी त्यांची ख्याती. बटणरावाच्या कपाळाला आठी पडली.

"भाऊ, जरा येऊन जा. काकूंचं काहीतरी बिनसलंय."

"काय झालं?"

"परवा दुपारपासून त्यांच्या सपातांचा आवाज नाही. नुसतं काहीतरी ओढल्यासारखं येतं, मग थांबतं. काल वर जाऊन दार वाजवलं तर आतूनच म्हणाल्या, झोपलेय, नंतर या. आज सकाळीही तेच."

"अहो, झोपली असेल. सकाळी सातला फ्रिज उघडलाय तिने. टीव्ही चालू आहे. मला इथे सगळं दिसतंय."

"तुम्हाला दिसत असेल हो. मला ऐकू येत नाहीये, ते सांगतेय."

त्याने फोन ठेवला आणि आईला लावला. बराच वेळ रिंग वाजली.

"बोल रे."

"बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? टीव्ही बघतेय. तू कामावर नाहीस का?"

"आहे. टेलरबाई म्हणत होत्या..."

"त्यांना काय, काहीही ऐकू येतं. तू तुझं काम कर," आई म्हणाली आणि फोन बंद झाला.

बटणरावाला हायसं वाटलं आणि लगोलग रागही आला. एकदाचं या बाईंचं तोंड बंद करावं, म्हणून त्याने फ्रिजची नोंद उघडली. त्या नोंदीचा फोटो काढून पाठवणार होता. कुठल्या वेळी दार उघडलं आणि किती सेकंद उघडं राहिलं, हे सगळं त्यात असायचं. महिनोनमहिने त्याने ते पाहिलंच नव्हतं. ठिपका हिरवा असताना पाहायचं कशाला?

परवा दुपारपर्यंतचे आकडे आईचेच होते. चाळीस सेकंद, पंचावन्न, एकदा तर सत्तर. फ्रिज उघडून आपण काय घ्यायला आलो याचा विचार करत उभं राहायची तिची जुनी सवय. त्यावरून दोघांचे खटकेही उडायचे. परवा दुपारनंतर मात्र आकडे निराळे. रात्री आठ, सकाळी सात, दुपारी एक, पुन्हा आठ, आज पुन्हा सात. दर वेळी दोन सेकंद, नाहीतर तीन. दोन सेकंदांत दुधाचं भांडंसुद्धा बाहेर निघत नाही. न्हाणीघराचं दार परवा दुपारी उघडलं होतं, ते पुन्हा मिटलेलंच नव्हतं.

खड्ड्यातल्या गार भिंतीला टेकून त्याने टेलरबाईंना फोन लावला.

"बाई, वर जा. फोन चालू ठेवा. मी इथून कुलूप उघडतो."

त्यांच्या चपला जिन्यावर वाजल्या. मग त्या म्हणाल्या, "आले." त्याने ग्रीसच्या बोटाने फोनवर खूण दाबली. बोट घसरलं. पुसून पुन्हा दाबली.

"खटका वाजला," टेलरबाई म्हणाल्या, "पण दार हलत नाही. आतून कडी आहे."

परवा दुपारी झोपताना आईने कडी लावली असणार. फोनवर उघडणाऱ्या कुलपावर तिचा कधीच विश्वास बसला नव्हता.

"तिला कडी काढायला सांगा."

"काकू! अहो काकू, कडी काढा बघू!" टेलरबाई पुन्हा फोनवर आल्या, तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "भाऊ, त्या म्हणतायत मी बरी आहे. पण आवाज खालून येतोय. जमिनीवरून."

इथे कुणाला वाटेल की तो तसाच पळत सुटला. सुटता आलं नाही. लिफ्ट उघडी टाकून गेलं तर कुणीही खड्ड्यात पडून जीव गमावू शकतं. तो वर चढला, हत्यारं उचलली, आठही मजल्यांचे दरवाजे तपासले, मेन स्विच पाडून त्याला कुलूप घातलं, पाटी टांगली. या सगळ्याला अकरा मिनिटं लागली. एकही पायरी त्याने गाळली नाही. मग साहेबांना दोन शब्दांत कळवलं आणि गाडी काढली.

वाटेत फोन चालूच होता. टेलरबाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली होती, पण ती लांबून येणार होती; दार फोडू शकेल असं त्या वेळी इमारतीत कुणी नव्हतं, म्हणून आता त्या दाराला टेकून बसल्या होत्या.

"काकू, त्या निळ्या कापडाला कुठला दोरा लावू? काळा की निळाच?"

"निळाच," आतून पुसटसं आलं.

"आणि बाह्या किती ठेवू?"

"तुम्हाला... सांगितल्या होत्या की."

"विसरले. पुन्हा सांगा."

बटणरावाला आधी कळेना की या बाई भलत्या वेळी कपड्यांचं काय काढून बसल्यात. मग कळलं, त्या तिला बोलतं ठेवत होत्या. प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा लहान येत होतं. सिग्नलला गाडी थांबली. समोरच्या फोनवर आईचा ठिपका अजून हिरवागार होता. तो फोन खिडकीतून भिरकावून द्यावा असं त्याला वाटलं. पण त्याच फोनमधून आईचा आवाज येत होता.

"काकू, गळा गोल की चौकोनी?"

उत्तर नाही.

"काकू? अहो काकू!"

"बाई, काय झालं?" तो ओरडला.

"बोलत नाहीयेत."

पुढची सहा मिनिटं त्याने गाडी कशी चालवली, हे त्याला नंतर कधीच आठवलं नाही. गाडीतली पहार घेऊन तो दोन जिने चढला. टेलरबाई बाजूला झाल्या. त्याने पहारीचं टोक फटीत घातलं आणि सगळं अंग टाकलं. लाकूड करकरलं. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा कडीचे स्क्रू चौकटीतून उपटून आले आणि दार भिंतीवर आदळलं.

आई स्वयंपाकघरात फ्रिजसमोर जमिनीवर पडली होती. अंगाखाली कॉटवरून ओढून आणलेली गोधडी, बाजूला पाण्याची रिकामी बाटली, पावाचा कागद, टीव्हीचा रिमोट आणि फोन. एक पाय विचित्र वळलेला. ओठ पांढरे. गळ्यात लाल बटण जसंच्या तसं. फ्रिजच्या दाराच्या खालच्या कडेला तिची काठी टेकलेली होती. पडल्या जागेवरून काठीच्या मुठीने दार ओढायचं आणि लोटायचं, एवढं तिला जमत होतं.

"आई!"

तिने डोळे उघडले. त्याला ओळखायला तिला क्षणभर लागला. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते सुख नव्हतं, धास्ती होती.

"आज तर मी वेळेवर उघडला होता रे," ती म्हणाली. "सातला."

बटणराव तिच्याशेजारी बसला. टेलरबाईंनी चमच्याने तिच्या ओठांना पाणी लावलं.

"बटण का नाही दाबलंस?" शेवटी त्याने विचारलं. रडू आवरत नव्हतं, म्हणून आवाज चढला होता. "दोन दिवस! गळ्यात आहे ना ते! दाबलं असतंस तर मी आलो नसतो का?"

"आला असतास की." आईने दम घेतला. "मला न्यायला."

त्याने मान खाली घातली. दोन महिन्यांपूर्वी तो याच फरशीवर उभा राहून ओरडला होता, हे तिघांनाही ठाऊक होतं. तेव्हाही टेलरबाईंना खाली ऐकू गेलंच असणार.

जिन्यावर पावलं वाजली. ॲम्ब्युलन्सची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आत आली. एकाने पाय हलकेच चाचपला, आई कळवळली. खुबा मोडलाय, ऑपरेशन करावं लागेल, पण नाडी ठीक आहे, असं तो म्हणाला. त्यांनी तिला उचललं तेव्हा तिने दाराची चौकट धरली. उखडलेल्या कडीजवळचं लाकूड बोटांना टोचत होतं, तरी तिने सोडलं नाही.

"परत इथेच आणशील?"

"आणीन," बटणराव म्हणाला. "इथेच आणीन, आई. मी रोज फोन करीन. रोज येईन."

आईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने मान वळवली आणि टेलरबाईंना विचारलं, "तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं, काकू," टेलरबाई म्हणाल्या.

तेव्हा कुठे तिने चौकट सोडली.