शांता दोनदा गेली

आबा बाहेर जायचे कपडे घालून सोफ्यावर बसले होते.

“कुठे निघालात?” मी विचारलं.

“शांताच्या दहाव्याला. रिक्षा बोलाव.”

शांता ही माझ्या कादंबरीतली बाई. तुर्भ्याला कारखान्यांच्या गल्लीत कॅन्टीन चालवणारी. माझ्या लॅपटॉपबाहेर ती कुठेच नाही.

आबा म्हणजे माझे वडील. मूळचे साताऱ्याकडचे. मार्केटमध्ये माथाडी होते, आता खारघरला माझ्याकडे असतात. मागच्या आजारपणापासून त्यांचं विसरणं वाढलंय. माझं काम ठरलेलं असतं. सकाळी नवीन मजकूर लिहायचा, दुपारी आदल्या दिवशीचा दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी चहाच्या वेळी तो आबांना मोठ्याने वाचून दाखवायचा. वाक्य कुठे अडखळत असेल तर वाचताना लगेच कळतं. आबा हे सगळं खरं धरून चाललेत, हे मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यात आणखी एक पंचाईत होती. शांता मेल्याचं प्रकरण त्यांना वाचून दाखवलं आणि लगेच माझी एडिटर केतकी हिचा फोन आला. एडिटर नुसतं शुद्धलेखन बघत नाही, गोष्ट कुठे पडते तेही सांगते. “शांता गेली की पुस्तक ढेपाळतं. तिला जगवा,” ती म्हणाली. म्हणून दुसऱ्या ड्राफ्टमध्ये शांता बरी होऊन घरी आली होती.

“आबा, शांता गेली नाही. वाचली ती.”

“तूच म्हनलीस, गेली म्हनून.”

“हो, पण आता नाही गेली.”

ही गोष्ट आहे, मी रचलेली, असं मी समजावलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, “मग जेवती का नीट?”

त्यानंतर रोज तिची चौकशी. आज भात खाल्ला, असं मीही सांगू लागले. इकडे माझाच गोंधळ उडाला. सकाळी लिहायचे त्यात ती जिवंत, दुपारी जुनी फाइल उघडली की मेलेली. मग केतकीचा पुन्हा फोन.

“बाराव्या प्रकरणात शांताच्या मुलाने डोकं का भादरलंय? आई तर शेजारी भाजी निवडतेय.”

“जुन्या ड्राफ्टमधलं राहिलं ते.”

“आणि आई धडधाकट असताना तो पुण्याची नोकरी सोडून कॅन्टीन का चालवतोय?”

मी त्याचं साहेबाशी भांडण लावलं, मग त्याची नोकरीच घालवली. काहीच पटेना. शेवटी केतकीला म्हणाले, “तिला जावंच लागेल.”

“जगवा म्हणून मीच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “आता मलाही काही सुचत नाही. तुम्हीच ठरवा.”

शांता जाते ते नववं प्रकरण मी पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. पण आबांना कसं सांगायचं? मी टाळत राहिले. त्यांनीच एकदा चहा घेताना विचारलं, “शांताचं वाचत न्हाईस अलीकडं?”

खोटं बोलवेना. वाचायला घेतलं. शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

“मागच्या टायमाला गेली तवा कुनी न्हवतं जवळ,” आबा म्हणाले. “ह्या टायमाला पोरगा व्हता. बरं झालं.”

मी दोन्ही ड्राफ्ट शेजारी ठेवून पाहिले. खरंच, पहिल्यात ती वॉर्डात एकटीच होती. मुलाला कधी तिच्या खाटेशी आणून बसवलं, ते मलाही आठवेना. पण तो तिथे होता म्हणूनच आता त्याचं कॅन्टीनला जाणं पटत होतं.

केतकीने त्या प्रकरणात एकही खूण केली नाही. पुस्तक तसंच छापलं गेलं.

आबांना शांता खरी वाटत होती की गोष्टीतली, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. आता पात्र जगणार की जाणार हे पक्कं होईपर्यंत मी घरात काही वाचून दाखवत नाही.