कृष्णेतली पवळ

आमच्या गावापाशी कृष्णा दोन फाटे करते आणि पुढं जाऊन पुन्हा एक होते. मधल्या जमिनीला आम्ही बेट म्हणतो. उन्हाळ्यात तिथं गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं. त्या बेटावर माझी आत्या वांगी करायची. सासर सुटल्यावर भावांनी तिला तेवढा तुकडा दिला होता. "माजं घर बेटावर, हितं मी पावनी," असं ती आमच्याच चुलीपाशी बसून खुशाल म्हणायची.

बेटाच्या वरच्या टोकाला, जिथं पाणी येऊन आदळतं, तिथं दगडांची पौळ होती. चुना नाही, माती नाही, नुसती दगडावर दगड रचलेली भिंत. पुस्तकात पौळ लिहितात, आमच्याकडं सगळे पवळ म्हणतात. एका पुरात ती मधोमध ढासळली आणि आत्याच्या काही सऱ्या नदीनं नेल्या. पुन्हा पाणी चढलं तर उरलेलंही जाणार, हे आत्याला ठाऊक होतं. ती त्याबद्दल बोलत नव्हती, पण पुढच्या साली तिनं रोप निम्मंच लावलं.

मी तेव्हा सांगलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळं नोटीस बोर्डावरचं सगळं आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटून मी रोज सगळं वाचायचे, कुणाच्या हरवलेल्या छत्रीसकट. एक दिवस तिथं इंग्रजीत कागद लागला. मुंबईची कुठलीशी संस्था बेटांवरच्या निसर्गसंपत्तीच्या रक्षणासाठी अनुदान देणार होती. बेट म्हटल्यावर माझे पाय थांबले. पुढं 'कोरल रीफ' असे दोन शब्द होते. ग्रंथालयात शब्दकोश काढला. कोरल म्हणजे पोवळं, रीफ म्हणजे पाण्यातली खडकांची रांग.

पोवळं म्हणजे मंगळ असलेल्या मुलींच्या अंगठीतला लाल खडा, एवढं मला माहीत होतं. तिथं मी जरा अडले. पण बेट होतं, पाणी होतं, दगडांची रांग होती. शब्दकोश करणारा पुण्याकडचा असेल, त्यानं पवळ ऐकून पोवळं लिहिलं असेल, असं मी ठरवून टाकलं. सरांना विचारायचं धाडस झालं नाही. शिकलेली माणसं आधी हसतात आणि मग सांगतात, असा माझा तोवरचा अनुभव होता.

अर्ज मराठीतच लिहिला. आमच्या कृष्णेतल्या बेटावर पवळ आहे, गेल्या पुरात ती ढासळली, या पावसाळ्याआधी तिचं रक्षण झालं नाही तर बेट वाहून जाईल. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

उत्तर आलं. मिरगाच्या तोंडावर एक साहेब स्वतः बघायला येणार होते.

घरी सांगितलं तेव्हा थोरले चुलते दाढी करत होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पलटणीतून सुभेदार होऊन ते पेन्शनीवर आले होते. त्यांचा ब्रश गालावरच थांबला.

"सायेब काय बगनार?"

"पवळ."

"पडल्याली?"

"पडली म्हणून तर येणार आहेत, आबा."

"इन्स्पेक्शनला पडकं दावायचं? गावाला अब्रू हाय का न्हाई?"

मी भीत भीत म्हणाले की मोडकं दिसलं तरच पैसे मिळतील.

"पावना यायचा म्हनून तुजी आई घर सारवती, का पोपडं तसंच ठेवती?"

मी आत्याकडं बघितलं. ती सुपात वांगी निवडत होती. वर न बघता हळूच म्हणाली, "सारवू दे की त्यास्नी. तू कशाला आडवतीस?"

दुसऱ्या दिवशी आबांनी अर्धा गाव नदीत उतरवला. बैलगाड्या दगड आणत होत्या, माणसं रांगेत उभी राहून हातोहात पुढं देत होती आणि आबा काठावरून 'एक, दो' करत होते. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी पवळ उभी राहिली. मला वाटलं संपलं. पण पलटणीतल्या माणसाला दगड दिसला की हात शिवशिवतात. त्यांनी सगळ्या पवळीला चुना मारला आणि खाली गेरूचा पट्टा ओढला.

साहेब पँट गुडघ्यावर गुंडाळून, बूट हातात घेऊन पाण्यातून आले. मुलाला पाचगणीला बोर्डिंगात सोडून ते तसेच इकडं वळले होते.

"पोवळी कुठं आहेत?"

"ही काय," मी म्हणाले.

त्यांनी पवळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत पवळीकडं बघितलं. मग ते तिच्यावरच बसले आणि हसले. आधी हसले आणि मग सांगितलं. कृष्णेत पोवळं सापडलं असं समजून ते आले होते. त्यांनी पिशवीतून एक पांढरा जाळीदार तुकडा काढून आत्याच्या हातावर ठेवला.

"आवं, ही तर वजरी," आत्या म्हणाली. "टाचा घासायची."

"हे पोवळं, मावशी. समुद्रात बारीक जीव असतात. एकाच्या घरावर दुसरा घर बांधतो. अशी भिंत होते आणि लाटा बेटापर्यंत पोचत नाहीत."

आत्यानं तुकडा उलटासुलटा केला. "मंजी पवळच की. मग आमची पोरगी चुकली कुटं?"

माझे कान तापले होते, तरी मी पहिल्यांदाच वर बघितलं.

"चुकली नाही," साहेब म्हणाले. "पण अनुदान समुद्रातल्या बेटांना आहे. आणि तसं नसतं, तरी मोडलेल्याला पैसे देतात. हे तर नवंकोरं आहे."

मी आबांकडं बघितलं. ते सावधानमध्ये उभे होते.

"ते ऱ्हाऊ द्या, सायेब. इन्स्पेक्शन पास का नापास, तेवडं सांगा."

साहेबांनी दगडावरून हात फिरवला. तळवा पांढरा झाला.

"पास," ते म्हणाले.

ते वांगी घेऊन गेले आणि पोवळं आत्याकडं राहिलं. "अनुदान न्हाई, पर चुना चांगला लागला," असं गाव मला बरेच दिवस चिडवत होतं.

श्रावणात पाणी चढलं तेव्हा मी आणि आत्या काठावर जाऊन बसलो. बेटाच्या टोकाशी पाणी आदळत होतं, दुभंगत होतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जात होतं. आधी गेरू गेला, मग चुना गेला. खालचे दगड काळेच्या काळे होते, जागचे हलले नव्हते. आत्या साहेबांच्या पोवळ्यानं टाच घासत होती. पाणी पवळीच्या माथ्याला टेकलं तेव्हा तिचा हात थांबला. बऱ्याच वेळानं, पाणी त्याच्या वर चढत नाही असं बघून, तिनं दुसरा पाय पुढं घेतला आणि घासायला लागली.

"औंदा रोप जरा जादाच लावाय पायजे हुतं," ती म्हणाली.