वटवाघळाचं सॉफ्टवेअर आणि शौकतभाईंची रजा

अरबस्तानातल्या आमच्या हुफूफच्या ऑफिसात कपाटं दोनच, पण किस्से ठेवायला जागा पुरत नाही. फायली निदान कधीतरी फाडता येतात. किस्से चहाबरोबर पुन्हा पुन्हा बाहेर येतात आणि दर वेळी थोडे फुगलेले असतात! हे वटवाघळांचे मात्र मी न फुगवता सांगतोय.

झालं असं, खजुराच्या बागांजवळून एक पाइपलाइन जायची होती. त्याआधी तिथं कुठली वटवाघळं आहेत ते बघायचं काम आमच्या कंपनीला मिळालं. त्यांचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, म्हणून लॅपटॉपला लावायचा खास यूएसबी माइक आला. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मॅनेजर केरळचे मॅथ्यूसर. सोबतीला ड्रायव्हर-कम-टेक्निशियन शौकतभाई, दापोलीकडचे. त्यांच्या मुलीचा निकाह ठरलेला, आणि सरांनी बजावलेलं, "पहले सॉफ्टवेअर फायनल, फिर छुट्टी!"

त्यामुळे मी काहीही उघडलं की शौकतभाई मागून म्हणायचे, "हेच घ्या!" ते अजून लोडसुद्धा झालेलं नसायचं.

*

पहिल्याच दिवशी पंचाईत. भर दुपारी ऑफिसात वटवाघूळ आणायचं कुठून? किल्ल्या खुळखुळवल्या तरी तसलाच बारीक आवाज निघतो, असं मी वाचलं होतं. शौकतभाईंनी पिकअपच्या किल्ल्या हलवल्या आणि स्क्रीनवर रेघा उमटल्या.

सर खूश! त्यांनी सगळ्या स्टाफला आपापल्या किल्ल्या घेऊन बोलावलं. तासभर ऑफिस नुसतं खुळखुळत होतं. शेवटी सरांनी रिपोर्टवर शेरा मारला: "पिकअपची किल्ली उत्तम. पॅन्ट्रीच्या कपाटाची समाधानकारक."

*

पहिलं सॉफ्टवेअर फुकट होतं. परदेशातल्या कुणा हौशी माणसानं घरी बसून बनवलेलं. खरेदी विभागानं कोटेशन मागितलं.

"फुकट आहे हो!"

"मग फुकट आहे असं कोटेशन आणा. शिक्क्यासकट!"

मी त्या माणसाला मेल केला. बिचाऱ्यानं कळवलं, शिक्का नाही, पण मुलीच्या खेळण्यातला एक ठसा आहे, चालेल का? कागद आला. खाली निळ्या शाईत हसरं बदक! खरेदीवाल्यांनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "शिक्का आहे ना? खलास!"

बदक पास झालं, सॉफ्टवेअर मात्र दर दहा मिनिटांनी बंद पडायचं.

*

दुसरं सॉफ्टवेअर घेऊन आम्ही तीन संध्याकाळी बागेत बसलो. माझ्या हातून सेटिंग साध्या आवाजाचं राहिलं. सरांसमोर तिन्ही दिवसांच्या फायली लावल्या, तर वटवाघळाचा पत्ता नाही आणि शौकतभाईंचा बायकोशी फोन मात्र खणखणीत!

"अगो, रजा मागू कशी? हा मॅथ्यू वटवाघूळ धरून बसलाय. त्याचं होईपर्यंत आपली पोरगी म्हातारी होईल!"

सरांना मराठी येत नाही, पण स्वतःचं नाव कुणालाही कळतं.

"मेरे बारे में क्या बोला?"

मी म्हटलं, "सर, बोल रहा है, मॅथ्यूसर बहुत मेहनत करते हैं।"

"तीनों दिन?"

"जी सर, तीनों दिन."

सर चक्क लाजले.

*

तिसरं सॉफ्टवेअर भारी निघालं. वटवाघळाचा आवाज ते इतका सावकाश करून वाजवायचं की आपल्यालाही ऐकू यावा. शिवाय वटवाघळाचं नावही सांगायचं, फक्त त्याच्याकडची सगळी नावं युरोपातली!

बागेचे मालक अबू सालेम, सत्तरीचे. त्यांना मी ऐकवलं. ते वर बघत राहिले. "म्हणजे मी आयुष्यभर इथं शांतपणे कॉफी पितोय, आणि ही डोक्यावर ओरडताहेत?"

"हो."

"बंद कर ते."

मी लॅपटॉप बंद केला. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. "अजून ओरडताहेत ना?" असं म्हणून ते कॉफी घेऊन आत गेले. मला फार वाईट वाटलं. म्हाताऱ्याची बाग मी उगीचच गजबजवली.

*

शेवटी क्लायंटसमोर बागेतच डेमो ठरला. शौकतभाईंचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आणि डेमोला असा वारा सुटला की वटवाघूळ सोडा, माशीही फिरकेना. सर घड्याळ बघायला लागले. शौकतभाई "पाणी आणतो" म्हणून खजुरांमागे गेले.

पाच मिनिटांत स्क्रीन भरून गेली! रेघाच रेघा, आणि खाली युरोपातल्या कुठल्याशा थंड जंगलातल्या वटवाघळाचं नाव. क्लायंटनं टाळ्या वाजवल्या. खजुरांमागून आवाज आला, "हेच घ्या!"

सॉफ्टवेअर फायनल झालं.

सकाळी सर नाचतच आले. "पूरे अरबस्तान में ये चमगादड किसी ने नहीं देखा! नो लीव्ह फॉर एनीबडी! शौकत तो बिल्कुल नहीं, वो सबसे नजदीक था!"

शौकतभाईंचा चेहरा पांढराफटक पडला. बॅग भरून गाडीत ठेवलेली. पोरीच्या निकाहाला आता बापच नसणार!

ते पुढे झाले, खिशातून पिकअपच्या किल्ल्या काढल्या आणि माइकसमोर हलवल्या.

स्क्रीनवर तेच नाव आलं.

सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. किल्ल्यांकडे पाहिलं. मग स्वतः हातात घेऊन एकदा हलवून बघितल्या. तेच नाव. किल्ल्या परत देऊन त्यांनी रजेचा फॉर्म ओढला आणि सही केली.

शौकतभाईंचे डोळे भरून आले. फॉर्म छातीशी धरून, किल्ल्या खुळखुळवत ते दारापर्यंत पोचले.

"शौकत!"

ते जागीच थांबले.

सरांनी टेबलाचा ड्रॉवर उघडून धरला होता.

"चमगादड इधर छोड़के जाओ."