डाव्या बुटातला खडा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात लिंबू चिरलं जातं ते फक्त सरबतासाठी. मी शाळेत गणित शिकवते. त्यामुळं हे लिहायला बरीच वर्षं गेली...

गिरिजा माझी पळण्यातली मैत्रीण. माहेर संकेश्वरकडचं, निम्मं बोलणं कानडीत. मला अक्का म्हणायची. चाळिशीत आम्ही दोघी रंकाळा तलावावर चालायला लागलो आणि एक दिवस तीच म्हणाली, जरा पळून बघू की. पंजाबी ड्रेस, पायात साधे कॅनव्हासचे बूट. ओळखीच्या बायका हसायच्या. दोन वर्षांत आम्ही दर रविवारी पन्हाळ्याच्या रस्त्यानं पार वाघबिळाच्या चढापर्यंत जायला लागलो. मूल न झाल्याचं दुःख ती फक्त पळतानाच बोलायची. थांबलो की विषय बंद.

मग पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. रंकाळ्यावरून पन्हाळा, तिथून परत, उरलेलं अंतर तलावाभोवती. आठ दिवस आधी गिरिजाच्या पोटात गाठ निघाली. बाहेरगावचे सर्जन रविवारीच यायचे, म्हणून ऑपरेशन नेमकं शर्यतीच्या सकाळी ठरलं. मी पळणार नाही म्हटलं, तर ती भडकली. दवाखान्यात बसून तू काय करणार, म्हणाली.

गेले. पन्हाळा चढले. परतीच्या उतारावर मात्र संपले. ऊन चढलेलं, मांड्या दगड झालेल्या, पावलं बधिर. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले आणि रडायला लागले. ती तिकडं टेबलावर आणि मी इथं काय करतेय... स्वयंसेवकाला हात करून गाडी बोलवायला सांगितली.

तेवढ्यात उजव्या कानाशी, अगदी जवळून, गिरिजाचा आवाज आला.

"अक्का, डाव्या बुटात खडा हाय. काढ आणि ऊठ."

वळून पाहिलं. कुणी नाही. स्वयंसेवक वीस पावलांवर फोन लावत होता. पायात काही टोचतंय हे मला जाणवतसुद्धा नव्हतं. तरी बूट काढला — हरभऱ्याएवढा खडा, मोज्याला रक्त. घड्याळात नऊ वीस. गाडी नको म्हणाले आणि उठले.

शर्यत पुरी करून तशीच घामेजलेली दवाखान्यात गेले. तिचे मिस्टर बाहेर बाकावर होते. काळजीचं काही दिसत नाही असं डॉक्टर म्हणाल्याचं त्यांनी सांगितलं. मग जरा हसले.

"भुलीत काय बी बडबडत हुती. अक्का, बुटातला खडा काढ, असं दोनदा म्हटली. बाहेर आणली तवा... सव्वानऊ, साडेनऊ झालं असतील."

मी तोवर कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

गिरिजाला यातलं काही आठवत नव्हतं. मी सगळं सांगितलं, तर हळूच म्हणाली, "म्हंजे मी बी पळलोच की."

त्यानंतर ती पळाली नाही. आता धारवाडला असते, फोन होतो. लोक म्हणतात, खडा तुझ्या मनाला आतून कळला असेल. असेल. पण तो तिला कसा कळला, हे शोधायचं मी सोडलंय. रविवारी एकटीच पळते. वाघबिळाच्या चढावर दम लागला की आम्ही दोघी बोलता बोलता गप्प व्हायचो... तिथं आलं की मी अजूनही रस्त्याच्या डाव्या कडेनं पळते, उजवीकडं एका माणसाची जागा सोडून.