पोरीच्या पाठीतलं पाणी

पोरीला रक्ताचा कॅन्सर निघाला. तो मेंदूकडे पसरलाय का, हे बघायला डॉक्टरीणबाईंनी तिच्या मणक्यातून पाणी काढलं. सुई, खोटं नाय सांगत, पेणहून रोह्याला पोचेल एवढी लांब! पोरगी गुडघे पोटाशी घेऊन निमूट पडून राहिली. रडलो मी.

लॅबमध्ये पोचवायला बाईंनी ती छोटी बाटली माझ्याच हातात दिली. मी ती उजेडात धरली. मिठागरात जन्म गेलेला माणूस मी. पाणी नुसतं बघून मीठ कधी पिकणार ते सांगतो. खाडीची भरतीसुद्धा मला विचारून येते. ऐटीत म्हणालो, "बाई, एकदम नितळ हाय. पोरगी सुटली!"

"अहो बाबा, कॅन्सरच्या पेशी असल्या तरी ते असंच नितळ दिसू शकतं. मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कळत नाही. पळा लॅबमध्ये!"

जन्मात पहिल्यांदाच पाण्यानं मला चकवलं. बाटली छातीशी धरून मी लॅबकडे पळत सुटलो.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. पाण्यात कॅन्सरची एकही पेशी सापडली नव्हती. औषधं अजून बराच काळ चालणार होती, पण आता आम्ही ती रेटून नेणार होतो. पोरीला सांगितलं, तर म्हणाली, "बाबा, तू तर त्याच दिवशी सांगितलं होतंस!"

"व्हय गो," मी म्हणालो, "पण त्या दिवशी थाप मारली होती. आज खरं हाय."